आधी पटर, मग ड्रायव्हर : मच्छेकरांसाठी गोल्फची तोंडओळख

ऑगस्ट २०२२ मध्ये बेळगावच्या जाधवनगरात एक बिबट्या शिरला, एका बांधकाम कामगाराला जखमी करून पळाला आणि नंतर गोल्फ मैदानाच्या झाडीत त्याचा वावर दिसला. मग आसपासच्या २२ शाळांना सुट्टी, वनखात्याचे कॅमेरे, पिंजरे आणि शेवटी शिमोग्याकडच्या सक्रेबैलू कॅम्पातून आणलेले हत्ती. एवढं करून बिबट्या काही हाती लागला नाही. पण शहराच्या अंगालाच जवळजवळ अडीचशे एकरांचं गोल्फ मैदान आहे, हे तालुक्यातल्या पुष्कळ घरांना त्या महिन्यात पहिल्यांदा कळलं. तोवर ते 'कॅम्पाकडचं काहीतरी' होतं.

मच्छेच्या माणसाला गोल्फचं काय, असं कुणी विचारेल. विचारणं रास्त आहे. हलगा-मच्छे बायपाससाठी पिकाऊ जमिनी जाताना ज्यांनी पाहिल्या, त्यांना खेळासाठी शेकडो एकर गवत राखणं हा श्रीमंती चाळा वाटणारच, आणि तो राग मला चुकीचा वाटत नाही. पण दुसरी बाजूही आहे. याच गावच्या हद्दीत विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचं 'ज्ञानसंगम' आवार आहे. औद्योगिक वसाहतीत मशीन शॉप आहेत, फौंड्रीचं काम जाणणारी माणसं आहेत. इथून शिकून गेलेली मुलं बेंगळूर-पुण्याच्या कंपन्यांत लागतात आणि एक दिवस साहेब विचारतो, "शनिवारी गोल्फला येणार का?" तेव्हा गांगरून जायचं कारण नाही. आणि नुसत्या साहेबासाठीच शिकावा असा हा खेळ नाही. साठीतला निवृत्त सुभेदार आणि विशीतला विद्यार्थी एकाच सामन्यात बरोबरीने उतरू शकतात, असे खेळ फार नाहीत. ते कसं जमतं ते पुढे येईल.

आधी खेळाची मांडणी. गोल्फच्या पूर्ण मैदानात १८ होल असतात; लहान मैदानात ९, तीच दोनदा खेळली की १८ होतात. 'होल' हा शब्द दोन गोष्टींसाठी वापरतात, एवढं ध्यानात ठेवा: जमिनीतल्या खळग्यालाही होल म्हणतात आणि सुरुवातीच्या जागेपासून त्या खळग्यापर्यंतच्या सगळ्या पट्ट्यालाही. पट्ट्याची सुरुवात म्हणजे टी. तिथे जमिनीत लाकडी किंवा प्लॅस्टिकची खुंटी रोवून तिच्यावर चेंडू ठेवता येतो. पुढे कापलेल्या गवताचा फेअरवे, दोन्ही अंगांना वाढलेलं गवत म्हणजे रफ, मध्येमध्ये वाळूचे खड्डे म्हणजे बंकर, कुठे तळं किंवा ओढा, आणि शेवटी अगदी बारीक कापलेलं ग्रीन. ग्रीनवर झेंड्याची काठी आणि तिच्या बुडाशी खळगा. या खळग्याचा व्यास जगात कुठेही गेलात तरी १०८ मिलिमीटरच. चेंडूचा व्यास ४२.६७ मिलिमीटरपेक्षा कमी चालत नाही आणि वजन ४५.९३ ग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. आपल्याकडे पाण्याची टंचाई असलेल्या काही जुन्या मैदानांवर ग्रीनच्या जागी वाळू-तेलाचे दाबलेले 'ब्राउन' असत. कुठे दिसले तर दचकू नका.

प्रत्येक होलला 'पार' ठरलेला असतो, म्हणजे चांगल्या खेळाडूने किती फटक्यांत चेंडू खळग्यात घालावा ते. साधारण अडीचशे यार्डांपर्यंतचा होल पार ३, त्यापुढे साडेचारशेच्या आसपासपर्यंत पार ४, त्याहून लांब तो पार ५. यार्ड म्हणजे तीन फूट. पारपेक्षा एक फटका कमी लागला तर बर्डी, दोन कमी तर ईगल; एक जास्त लागला तर बोगी, दोन जास्त तर डबल बोगी. नवख्याने डबल बोगीला आनंदाने हात मिळवावा. १८ होलांचा मिळून पार बहुतेक ठिकाणी ७२ च्या आसपास भरतो.

आता या ७२ मध्ये एक हिशेब दडलेला आहे आणि माझं सगळं सांगणं त्याच्यावर उभं आहे. पार ठरवताना प्रत्येक ग्रीनवर दोन पट धरलेले असतात. पट म्हणजे ग्रीनवरून चेंडू घरंगळत खळग्याकडे नेण्याचा फटका. अठरा दुणे छत्तीस. म्हणजे ७२ पैकी निम्मे फटके पटरने, म्हणजे पट मारायच्या काठीने, ग्रीनच्या गालिच्यावर, ताकद न लावता मारायचे असतात. तरीही नवा माणूस मैदानावर गेला की पहिल्यांदा हात घालतो तो ड्रायव्हरला, पिशवीतल्या सगळ्यात लांब आणि सगळ्यात खोडकर काठीला. टीव्हीवर तोच फटका दिसतो ना! अठरा होलांत ड्रायव्हर फार तर चौदा वेळा लागतो; पार ३ च्या होलांवर सहसा लागतच नाही. म्हणून माझा सल्ला असा, की हा खेळ उलटीकडून शिका. खळग्यापासून सुरुवात करा आणि एकेक पाऊल मागे सरकत टीपर्यंत या.

याला पुरावा हवा तर अदिती अशोककडे बघा. बेंगळूरची ही मुलगी टोकियो ऑलिंपिकमध्ये चौथी आली, ब्राँझपदक एका फटक्याने हुकलं. त्या स्पर्धेत फटक्याच्या लांबीत ती मागच्या रांगेत होती. पदकाच्या दारापर्यंत तिला नेलं ते पटरने.

घरातल्या फरशीवर

पहिली खरेदी एका जुन्या पटरची करा. वापरलेला चालतो, पटरला जुनं होण्याची फारशी सवय नसते. काठी सरळ आहे ना, मुठीवरचं रबर कडक होऊन तडकलेलं नाही ना, एवढं तपासा. उंचीला साजेसा हवा: कमरेत किंचित वाकून हात खांद्यांखाली सैल सोडले की मूठ हातात यावी.

सराव घरातल्या फरशीवर करा. दोन फरश्यांमधला सांधा ही तुम्हाला फुकटात मिळालेली सरळ रेघ आहे. त्या सांध्यावर चेंडू ठेवा, डोळे साधारण चेंडूच्या वर येतील असं उभं राहा आणि चेंडू सांधा न सोडता सहा फूट गेला पाहिजे असा मारा. मनगटं मोडायची नाहीत. खांदे, हात आणि पटर यांचा एकच त्रिकोण मागे-पुढे झुलतो, डोकं जागचं हलत नाही. चेंडू गेल्यावर लगेच मान वर करून बघायचा मोह होईल, तो आवरा. टोकाला स्टीलचा पेला आडवा ठेवा. पेल्याचं तोंड खऱ्या खळग्यापेक्षा अरुंद असतं, त्यामुळे त्यात चेंडू जाऊ लागला की मैदानावरचा खळगा ऐसपैस वाटतो.

दिशेपेक्षा अंतर महत्त्वाचं, हे मात्र फरशीवर कळत नाही. तीस फुटांवरून मारलेला पट दिशेला फार तर हातभर चुकतो, पण अंतराला सात-आठ फूट सहज चुकतो. म्हणून अंगणात किंवा सतरंजीवर दोरी टाकून तिच्याजवळ चेंडू नेऊन थांबवायचा खेळ खेळा: एकदा दहा फुटांवरून, एकदा वीस फुटांवरून, पुन्हा दहा. मुलांना हे फार आवडतं आणि ती मोठ्यांना हरवतात.

खऱ्या ग्रीनवर उतार वाचावा लागतो. खळग्याच्या मागे जाऊन खाली बसा आणि इथे पाऊस पडला तर पाणी कुठे वाहील ते बघा. आपल्या भागातल्या माणसाला हे शिकवायला लागू नये. बांधावर उभं राहून पाण्याची वाट ओळखणं त्याला येतंच. चेंडूही त्याच वाटेने वळतो, आणि वेग कमी झाला की जास्त वळतो.

सुगी झाल्यावर शेतात

पटर हातात बसला की ग्रीनच्या कडेवरचे छोटे फटके, म्हणजे चिप. यासाठी सात नंबरचं आयर्न घ्या; आयर्न म्हणजे धातूच्या तिरक्या तोंडाची काठी, नंबरांचं पुढे येईल. बूट जवळ, वजन डाव्या पायावर, चेंडू उजव्या पायाच्या बाजूला, हात चेंडूच्या किंचित पुढे. मग पट मारल्यासारखाच छोटा झोका. चेंडू हातभर उडतो, टेकतो आणि पुढे धावत जातो. उंच उडवून अलगद टेकवणं दिसायला सुंदर असतं, पण नवख्याने जमिनीवरूनच चेंडू पळवावा. जमीन हवेपेक्षा कमी फसवते.

मच्छेच्या आसपास भाताची सुगी आटोपली की मोकळी शेतं असतात. मालकाला विचारून तिथे सराव करता येईल, पण एक अट अगदी पक्की: चेंडू भोकाभोकांचा प्लॅस्टिकचा किंवा फोमचाच. खरा गोल्फचा चेंडू दगडासारखा टणक असतो. कसलेल्या व्यावसायिकाच्या ड्रायव्हरवरून तो ताशी अडीचशे किलोमीटरहून जास्त वेगाने सुटतो, आणि नवशिक्याचाही चेंडू माणसाचं डोकं फोडायला पुरेसा असतो. घरांजवळ, रस्त्याजवळ, शाळेच्या मैदानात खरा चेंडू कधीच मारायचा नाही. शेतात दहा-पंधरा पावलांवर एक रिकामं पोतं पसरा आणि चेंडू त्याच्यावर टेकवायचा प्रयत्न करा. नंतर पोतं दूर न्या, झोका थोडा मोठा करा. असं करत करत तुम्ही न कळत अर्ध्या झोक्यापर्यंत, म्हणजे अर्ध्या स्विंगपर्यंत पोचता.

आता पूर्ण स्विंग. कागदावरून तो कुणी कधी शिकला नाही, तरी चार गोष्टी सांगतो. उजव्या हाताच्या माणसाने डावा हात मुठीवर वर ठेवायचा, उजवा त्याच्या खाली, आणि उजव्याची करंगळी डाव्याच्या तर्जनीवर टेकवायची किंवा तिच्यात गुंतवायची. दहाही बोटांनी धरलं तरी चालतं, लहान मुलांना तेच सोपं. पकड किती घट्ट? भरलेल्या तांब्याचा गळा धरतो तितकी: सुटत नाही, पण बोटं पांढरीही पडत नाहीत. पाय खांद्याइतके लांब, गुडघे सैल, कंबरेतून वाकलेलं पण पाठीला पोक नाही. सात नंबरला चेंडू दोन पायांच्या मध्यावर, ड्रायव्हरला डाव्या टाचेच्या समोर. मागे जाताना हात उचलायचे नाहीत, खांदे वळवायचे. पुढे येताना आधी कंबर वळते, मग खांदे, सगळ्यात शेवटी हात. फटका संपल्यावर पोट लक्ष्याकडे असलं पाहिजे आणि डाव्या पायावर तोल सावरून तीन आकडे मोजता आले पाहिजेत. तोल जात असेल तर तुम्ही ताकद लावताय.

बेळगाव हे हॉकीचं गाव. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघातले बंडू पाटील इथलेच, आणि त्या संघाचे गोलरक्षक शंकर लक्ष्मण मराठा लाइट इन्फंट्रीचे. इथल्या ज्या मुलाने हॉकी स्टिक हातात धरली आहे त्याला गोल्फ लवकर जमतं: दोन्ही हात जवळ घेऊन मारायची आणि एकाच चपट्या बाजूने चेंडू भिडवायची सवय त्याच्याकडे आधीच असते. क्रिकेटवाल्याचं थोडं अवघड. खालच्या हाताचा जोर लावून मिडविकेटवरून उचलायची त्याची खोड जाता जात नाही आणि चेंडू डावीकडे झाडीत जातो. दोघांनाही एक गोष्ट नव्याने पटवावी लागते: चेंडू वर उचलायचा नसतो. काठीच्या तोंडाचा तिरकेपणा, ज्याला लॉफ्ट म्हणतात, तो चेंडू उचलतो. आयर्नने आधी चेंडूला आणि मग जमिनीला, वरून खाली असंच मारायचं. चेंडूच्या पुढची गवताची ढलपी उडाली तर फटका बरोबर. मागची उडाली तर चूक.

काठ्या, आणि मशीन शॉपवाल्यांसाठी थोडं जास्त

नियमाने पिशवीत जास्तीत जास्त १४ काठ्या ठेवता येतात. गोल्फमध्ये काठीला क्लब म्हणतात. ड्रायव्हर आणि फेअरवे वूड लांब फटक्यांसाठी. वूड हे नाव जुनं, आता ते धातूचे असतात. आयर्न ३ ते ९ नंबरांचे. नंबर वाढेल तसा तिरकेपणा वाढतो, काठी आखूड होते आणि चेंडू उंच पण कमी लांब जातो. सात नंबरचा लॉफ्ट तीस अंशांच्या थोडा पुढे-मागे, सँड वेजचा ५५ च्या आसपास, ड्रायव्हरचा बहुधा ९ ते १२. मग वेज, म्हणजे आयर्नहून तिरक्या तोंडाच्या आखूड काठ्या, आणि पटर. नवख्याला या चौदापैकी सात नंबर, सँड वेज आणि पटर या तीन पुरतात. वर्षभराने एक हायब्रिड, म्हणजे वूड आणि आयर्न यांच्या मधली काठी, आणि नऊ नंबर घ्या. पूर्ण नवीन सेट पहिल्याच महिन्यात घेणाऱ्यांचे सेट पुढे स्वस्तात विकायला निघतात. तुम्ही ते विकत घेणाऱ्यांत असा.

मच्छे-उद्यमबागेच्या वाचकांना आयर्नच्या डोक्याची रचना बघायला मजा येईल. ही डोकी दोन तऱ्हेने बनतात. एक फोर्जिंग: मऊ कार्बन स्टीलचा तुकडा तापवून डायमध्ये ठोकलेला. दुसरी इन्व्हेस्टमेंट कास्टिंग: मेणाचा नमुना, त्यावर सिरॅमिकचं कवच, मेण वितळवून काढायचं आणि त्या पोकळीत स्टेनलेस स्टील ओतायचं. फोर्ज केलेल्या डोक्याला फटक्याची 'जाण' चांगली, असं जुने खेळाडू शपथेवर सांगतात. पण कास्टिंगमध्ये डोक्याच्या मागचा भाग पोकळ ठेवून वजन कडेकडेला नेणं सोपं जातं. वजन मध्यापासून लांब गेलं की चेंडू तोंडाच्या मध्यावर न बसता टोकाला बसला तरी डोकं कमी फिरतं, फटका कमी वाकडा जातो. याला कॅव्हिटी बॅक म्हणतात आणि नवख्याने तेच घ्यावेत. ज्याने टर्निंगला जॉबचं बॅलन्सिंग केलं आहे त्याला यात नवीन काही नाही. टायटॅनियमच्या ड्रायव्हरचं डोकंही याच विचाराने फुगत फुगत गेलं, शेवटी नियमाने ४६० घन सेंटिमीटरवर थांबवलं.

चेंडूवरच्या खळ्या शोभेच्या नाहीत. त्यांच्यामुळे चेंडूला चिकटून वाहणारा हवेचा थर जास्त मागेपर्यंत टिकतो, मागची ओढ कमी होते आणि चेंडू गुळगुळीत चेंडूच्या मानाने कितीतरी लांब जातो. महाग चेंडू घेऊ नका. झाडीत हरवणारच आहेत.

बुटांसाठी सुरुवातीला साधे खेळाचे बूट पुरतात. कपड्यांत मात्र बहुतेक ठिकाणी कॉलरचा टी-शर्ट आणि साधी पँट लागते. जीन्स आणि बिनबाह्यांचा बनियन घालून गेलात तर दारातून परत पाठवतील. मला हे नियम थोडे जुन्या साहेबी वळणाचे वाटतात, पण दुसऱ्याच्या अंगणात त्याच्या रीतीने वागावं.

दार कसं उघडायचं

खरी अडचण इथे आहे. क्रिकेटसारखं मैदानात जाऊन उभं राहिलं आणि खेळायला लागलं, असं इथे होत नाही. कुठल्याही गोल्फ मैदानावर आधी कार्यालयात जा, ओळखपत्र घेऊन जा आणि सरळ विचारा: सभासद नसलेल्याला खेळता येतं का, पाहुणा म्हणून आलं तर ग्रीन फी किती, कुठल्या वारी गर्दी कमी असते, सरावाची जागा म्हणजे रेंज आहे का, शिकवणारा 'प्रो' आहे का, सेट भाड्याने मिळतो का, आणि हँडिकॅप (तो काय ते पुढे येईल) नसेल तर चालतं का. लष्कराशी संबंध असलेल्या मैदानांवर प्रवेशाचे नियम वेगळे आणि कडक असतात. घरात किंवा नात्यात माजी सैनिक असेल, आणि आपल्याकडे तो बहुधा असतोच, तर त्याला बरोबर न्या. पुण्यात शिकायला किंवा नोकरीला असाल तर येरवड्याला पूना क्लबचं मैदान आहे. अदिती चौथी आली त्याच टोकियो ऑलिंपिकमध्ये अनिर्बन लाहिरीबरोबर भारताकडून उतरलेला उदयन माने पुण्याचाच. आणि लाहिरीचा जन्मही पुण्यातला.

प्रोकडे दोन-चार धडे घ्याच. यूट्यूबवर शिकता येतं, नाही असं नाही. हरयाणातल्या इसराना गावचा शुभम जगलान दूधवाल्याच्या घरचा. गावात एका परदेशस्थ माणसाने सुरू केलेली गोल्फ शाळा बंद पडल्यावरही तो शेतात आणि व्हिडिओ बघून शिकत राहिला आणि २०१५ मध्ये अमेरिकेत मुलांची जागतिक स्पर्धा जिंकला. पण पकड आणि उभं राहणं चुकीचं पक्कं झालं की पुढे मोडायला वर्षं जातात. ते सुरुवातीलाच दुसऱ्याच्या डोळ्यांनी तपासून घ्यावं.

मैदानावर तुमची पिशवी घेऊन चालणाऱ्या कॅडीला ओझेवाला समजू नका. कुठल्या ग्रीनचा उतार कसा फसवतो ते त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. वयाने मोठे असतील तर काका, बरोबरीचा असेल तर दादा म्हणा, आणि पहिल्या टीवरच सांगा की मी नवीन आहे. आपल्या देशात हा खेळ वर नेणाऱ्यांत कॅडींचा वाटा मोठा आहे. १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक अली शेर हा दिल्लीचा कॅडी. कोलकात्याचा व्यावसायिक खेळाडू चौरसिया याचे वडील रॉयल कलकत्ता क्लबात ग्रीन राखायचे. १८२९ मध्ये स्थापन झालेला हा क्लब ब्रिटनबाहेरचा सगळ्यात जुना. आणि आपल्याच कर्नाटकातला चिक्करंगप्पा बेंगळूरजवळच्या ईगलटन मैदानाच्या शेजारच्या खेड्यातून, चेंडू गोळा करण्यापासून सुरुवात करून व्यावसायिक झाला.

नियम आणि रीत

गोल्फमध्ये बहुतेक वेळा पंच नसतो. तुमचे फटके तुम्हीच मोजायचे, दंड तुम्हीच स्वतःला लावायचा. चेंडूला मारायच्या इराद्याने काठी फिरवली आणि ती हवेत गेली, तरी फटका धरायचा. चेंडू जिथे, जसा असेल तसा खेळायचा. पायाने सरकवायचा नाही, त्याच्या मागचं गवत दाबायचं नाही. पांढऱ्या खुंट्यांच्या बाहेर गेला किंवा तीन मिनिटं शोधून सापडला नाही, तर एका फटक्याचा दंड आणि मागच्याच जागेवरून पुन्हा. २०१९ पूर्वी शोधायला पाच मिनिटं मिळत, म्हणून जुने खेळाडू अजून पाच म्हणतात. पिवळ्या-लाल खुंट्यांच्या आत, म्हणजे पाण्याच्या बाजूला गेला, तर जमत असेल तर तिथूनच मारा, नाहीतर एक दंड घेऊन बाहेर चेंडू सोडा. सोडायचा तो गुडघ्याच्या उंचीवरून. झुडपात अडकला आणि मारणं शक्य नसेल तर तसं जाहीर करून एक दंड घ्या. रफमध्ये हात घालण्याआधी काठीने गवत चाळवून बघा. आपल्याकडे सापांचा भाग आहे. हा नियमपुस्तकातला नव्हे, माझा नियम.

चेंडू भलतीकडे सुटला की पूर्ण ताकदीने "फोर!" ओरडायचं. दुसऱ्या कुणाचा "फोर!" ऐकू आला तर कुठून आला ते बघत उभं राहू नका, डोकं दोन्ही हातांनी झाकून खाली वाका. दुसरा मारत असताना बोलायचं नाही, त्याच्या मागे हलायचं नाही, मोबाइल बंद. ग्रीनवर दुसऱ्याचा चेंडू आणि खळगा यांच्यामधल्या वाटेवर पाय द्यायचा नाही. चेंडू पडून ग्रीनला झालेला खड्डा काट्याने कडेकडेने आत ढकलून सपाट करायचा, उडालेली ढलपी परत जागेवर बसवायची, बंकरमधून निघताना आपल्या पावलांवरून दाताळं फिरवायचं. आणि रेंगाळायचं नाही. चौघांच्या गटाला १८ होलांना चार-साडेचार तास लागतात. तुम्ही नवे म्हणून मागच्यांचा दिवस खाऊ नका. त्यांना हाताने खूण करून पुढे जाऊ द्या.

आता तो सुभेदार आणि विद्यार्थी. गोल्फमध्ये प्रत्येकाला त्याच्या खेळाप्रमाणे हँडिकॅप मिळतो. २०२० पासून जगभर यासाठी एकच पद्धत आहे आणि हँडिकॅपचा आकडा, म्हणजे इंडेक्स, जास्तीत जास्त ५४ पर्यंत असू शकतो. समजा सुभेदारांचा खेळायचा हँडिकॅप १० आणि विद्यार्थ्याचा २८. फरक १८, म्हणजे दोघांच्या सामन्यात विद्यार्थ्याला प्रत्येक होलला एक फटका सूट. सुभेदारांनी ५ मध्ये घातला आणि त्याने ६ मध्ये, तर तो होल बरोबरीत. नवख्यांना फटके मोजण्यापेक्षा स्टेबलफर्ड पद्धत बरी पडते: सूट धरून पारला २ गुण, बोगीला १, बर्डीला ३, आणि डबल बोगी किंवा त्याहून वाईटला शून्य. शून्य नक्की झालं की चेंडू उचलून पुढच्या टीवर जायचं. एका होलवर बारा फटके लागले म्हणून अख्खा दिवस वाया जात नाही.

शरीराचंही बघा. १८ होल चालायचे म्हणजे आठ-दहा किलोमीटर होतात. कंबर आणि कोपराची आतली बाजू दुखावण्याचा धोका असतो, म्हणून आधी पाच मिनिटं खांदे-कंबर मोकळी करा आणि रेंजवर एका दमात शंभर चेंडू झोडपू नका. एप्रिल-मेमध्ये वळवाचा पाऊस येतो तेव्हा आभाळ गडगडलं की खेळ लगेच थांबवून इमारतीत जायचं; मोकळ्या मैदानात हातात धातूची काठी घेऊन उभं राहणं किंवा झाडाखाली थांबणं, दोन्ही वाईट. शिकायला चांगला काळ दिवाळीपासून शिमग्यापर्यंतचा. बेळगावची थंडी सकाळी चेंडू कमी उडवते, पण चालायला छान.

पहिल्यांदा मैदानावर उतराल तेव्हा आठवड्यातला मधला वार आणि दुपारनंतरची वेळ घ्या, नऊच होल खेळा, तेही पुढच्या, म्हणजे खळग्याला जवळच्या टीवरून. पुढची टी बायकांची, असं समजून पुरुष मागे जातात. ती ज्याचा फटका आखूड त्याची आहे. बरोबर खेळ जाणणारा एक माणूस, तीन काठ्या, सहा-सात जुने चेंडू आणि पाण्याची बाटली. कार्डावर एकूण फटके लिहायचे तर लिहा, पण शेजारी वेगळ्या रकान्यात प्रत्येक होलचे पट लिहाच. नऊ होलांचे पट वीसच्या आत येऊ लागले, की मग कुणाचा तरी जुना ड्रायव्हर बघायला हरकत नाही.